सतरा गाण्यांनंतरचं एक

बॉब डिलनच्या नॉटिंगहॅममधल्या २८ ऑक्टोबर २०२२ च्या कार्यक्रमाचं शेवटचं गाणं तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. त्या दिवशी जेरी ली लुईस गेला. डिलनने ठरलेला कार्यक्रम पूर्ण केला, मग पुन्हा माइकपाशी येऊन जेरी ली गेल्याचं प्रेक्षकांना सांगितलं आणि त्याचंच एक गाणं म्हटलं. तेवढा तुकडा लगेच जगभर पोचला. त्याच्या बातम्या झाल्या, डिलनला फारसं न ऐकणाऱ्यांनीही तो एकमेकांना पाठवला. माझ्याकडेही तो तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला. पण प्रेक्षकांतल्या कुणीतरी त्या रात्रीचा अख्खा कार्यक्रम ध्वनिमुद्रित केलेला आहे, आणि मला लिहायचंय ते त्या पूर्ण ध्वनिमुद्रणाबद्दल. माझं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर, ज्यांनी फक्त तो तुकडा ऐकला त्यांनी ते गाणं अजून ऐकलेलं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. डिलन तेव्हा ८१ वर्षांचा होता. 'रफ अँड राउडी वेज' हा त्याचा अल्बम २०२० च्या जूनमध्ये आला, आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मिलवॉकीपासून त्याच नावाचा दौरा सुरू झाला. हा दौरा २०२२ च्या ऑक्टोबरात इंग्लंडला पोचला. लंडन पॅलेडियम या जुन्या, देखण्या नाट्यगृहात चार रात्री झाल्या, मग इतर शहरं. नॉटिंगहॅमचं मोटरपॉइंट अरीना पॅलेडियमच्या अगदी उलट टोकाचं. एरवी तिथे आइस हॉकीचे सामने होतात. आवाजाच्या दृष्टीने अशी जागा म्हणजे काँक्रीटचं भलंमोठं पातेलंच.

या दौऱ्यात फोनला बंदी होती. दारातच प्रत्येकाचा फोन एका कुलूपबंद पिशवीत घालत. पिशवी तुमच्या हातातच राहते, पण उघडायची तर प्रेक्षागृहाच्या बाहेर ठरवून दिलेल्या जागी जावं लागतं. ज्यांनी हे अनुभवलंय ते सांगतील की पहिली दहा मिनिटं हात खिशाकडे जात राहतो आणि मग माणूस निमूटपणे समोर बघायला लागतो. मला स्वतःला ही बंदी पसंत आहे. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाने हजारो उजळलेल्या पडद्यांसमोर गावं अशी अपेक्षा करणं हा उद्धटपणा आहे.

मग हे रेकॉर्डिंग झालं कसं? अशा कामाला फोन लागतच नाही. मुठीत मावणारा रेकॉर्डर आणि टोपीला किंवा कॉलरला टाचलेले शेंगदाण्याएवढे दोन मायक्रोफोन पुरतात. ही कला जुनी आहे आणि तिची स्वतःची दंतकथा आहे. सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये माइक मिलार्ड नावाचा एक माणूस चाकांच्या खुर्चीत बसून कार्यक्रमांना जाई. त्याला चालता उत्तम येत होतं. खुर्चीखाली जडशीळ नाकामिची कॅसेट डेक लपवलेला असे. लेड झेपलिनच्या जून १९७७ मधल्या रात्री आज आपण ज्या स्पष्टपणे ऐकू शकतो त्या त्याच्यामुळे. काही कलावंतांनी या लोकांशी वैर धरलं, तर ग्रेटफुल डेडने १९८४ मध्ये त्यांच्यासाठी चक्क वेगळी आसनं राखून ठेवली.

डिलनचं या जमातीशी नातं याहून गुंतागुंतीचं आहे. रॉक संगीतातलं पहिलं गाजलेलं बूटलेग १९६९ चं 'ग्रेट व्हाइट वंडर', आणि ते त्याचंच. पुढे १९९१ पासून त्याच्या कंपनीने 'बूटलेग सीरीज' याच नावाने जुनी ध्वनिमुद्रणं विकायला काढली. २०१६ मध्ये १९६६ च्या दौऱ्याचा ३६ सीडींचा संच आला. त्यात ज्या रात्रींचं चांगलं ध्वनिमुद्रण सापडलं नाही तिथे प्रेक्षकांनी चोरून केलेलं घातलं. म्हणजे पन्नास वर्षांनी चोरीचा माल मालकानेच दुकानात मांडला. आणि मालकाचंही काय सांगावं! मिनेसोटातल्या तरुणपणी याच गृहस्थाने एका ओळखीच्याच्या संग्रहातल्या लोकसंगीताच्या रेकॉर्ड्स परस्पर लांबवल्या होत्या, ही गोष्ट स्कोर्सेसीच्या 'नो डिरेक्शन होम' या माहितीपटात सगळ्यांसमोर येऊन गेली आहे.

आता प्रत्यक्ष टेपकडे. ('टेप' हा शब्द आता नावापुरता. फीत केव्हाच गेली, पण शब्द राहिला.)

प्रेक्षकांतून केलेलं ध्वनिमुद्रण ऐकायची एक सवय लागते, आणि मराठी श्रोत्यांना ती बहुधा असते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, आईवडिलांच्या नाहीतर एखाद्या काकांच्या कपाटात, खाजगी बैठकींच्या कॅसेट होत्या. तंबोऱ्याइतकाच पंखा ऐकू यायचा, कुणीतरी खाकरायचं, तबल्यावर हातोडी चालू असताना मागे कपबश्या वाजायच्या, आणि एखादी जागा आली की माइकच्या अगदी जवळून "वा!" यायचं. त्या "वा"मुळे ती जागा आपल्यालाही कळायची. कंपनीच्या रेकॉर्डवर गाणं स्वच्छ असायचं, पण ही शिकवणी तिथे मिळायची नाही. ज्यांचा कान असा तयार झालाय त्यांना नॉटिंगहॅमची टेप ऐकताना त्रास होऊ नये.

अशा मोठ्या बंदिस्त जागेत खालच्या पट्टीतले सूर भिंतींना आदळून परत येतात, त्यामुळे बेस आणि ड्रमची एक गादी सगळ्याच्या खाली पसरते. आवाजाला ३५ मीटर जायला एक दशांश सेकंद लागतो. म्हणजे मागे बसलेल्याला ठोका उशिरा ऐकू येतो, आणि शेजारच्याची टाळी मात्र ताबडतोब. लयीला पक्क्या असणाऱ्यांना सुरुवातीला हे गाडीच्या धक्क्यांसारखं जाणवेल. माझं रोजचं काम गोंगाटातून संकेत वेगळा काढायचं आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरने हे सगळं साफ करता येईल हे मला माहीत आहे. करू नये, इतकंच सांगतो. गोंगाट काढला की त्याच्याबरोबर ती जागाही जाते, आणि या रात्रीच्या शेवटच्या पाच मिनिटांत ती जागाच महत्त्वाची आहे.

सतरा गाणी ठरलेली. त्यातली नऊ 'रफ अँड राउडी वेज'मधली. 'ब्लोइंग इन द विंड' नाही, 'लाइक अ रोलिंग स्टोन' नाही. जुनी जी आहेत ती मुद्दाम कडेकडेची, आणि त्यांतलं सर्वांत अलीकडचं १९८१ चं. ज्याला आपल्या तारुण्यातली गाणी ऐकायची होती त्याने तिकिटाचे पैसे फुकट गेले म्हणून कपाळाला हात लावला असेल. मला यात प्रामाणिकपणा दिसतो. बहुतेक ज्येष्ठ रॉक गायक आपल्याच पंचविशीची नक्कल करत फिरतात. पट्टी उतरवतात, वरचे सूर मागे उभ्या असलेल्या गायिकांना देतात आणि प्रेक्षकांकडे माइक फिरवून उरलेलं त्यांच्याकडून वसूल करतात. डिलन यातलं काहीच करत नाही. त्याने आजच्या गळ्याला झेपतील अशी गाणी निवडली आहेत, आणि जुनी घेतली ती मोडून नव्याने बांधली आहेत.

त्या गळ्याबद्दल खरं बोलायला हवं. १९८८ च्या जूनपासून डिलन जवळजवळ अखंड दौऱ्यावर आहे. त्याचे चाहते ज्याला 'नेव्हर एंडिंग टूर' म्हणतात त्यातले तीन हजार कार्यक्रम २०१९ च्या एप्रिलमध्ये पूर्ण झाले. चाहत्यांनी त्यांतले बहुतेक ध्वनिमुद्रित केलेत, म्हणून एका माणसाचा आवाज तीन दशकं कसा झिजत गेला याची अशी नोंद क्वचितच कुणाची असेल. या शतकाच्या पहिल्या दशकात तो आवाज खरंच वाईट झाला होता. ओळीच्या शेवटी सूर उगाच वर फेकायची एक खोड त्याला लागली होती, आणि नंतर तर नुसती घरघर. मग २०१५ ते २०१७ या काळात त्याने फ्रँक सिनात्राच्या वळणाची जुनी अमेरिकन गाणी तीन अल्बम भरून गायली. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. पण त्या गाण्यांनी त्याला सूर धरून ठेवायला भाग पाडलं. नॉटिंगहॅमच्या टेपवर त्या रियाजाचं फळ ऐकू येतं. आवाज खरखरीत आहेच, पण ताब्यात आहे.

शब्द टाकण्याची त्याची पद्धत पाहा. गाण्याची ओळ घ्यायची, पहिले दोन शब्द सोडून द्यायचे, बँडला पुढे जाऊ द्यायचं, आणि मग उरलेली ओळ एका दमात अशी ओतायची की शेवटचा शब्द नेमका ठोक्याच्या किंचित मागे पडावा. आपण म्हणू की समेच्या पलीकडे जाऊन बसतो. दुसऱ्या ओळीत तोच शब्द समेच्या अलीकडे. ही बोलांची खेळी सूरवाल्या गायकांना जमत नाही, कारण त्यांना चाल मोडायची भीती असते. डिलनकडे मोडण्यासारखी चाल फारशी उरलेलीच नाही, त्यामुळे तो मोकळा आहे. श्वास कुठे संपणार हे त्याला ठाऊक असतं आणि तो संपण्याच्या जरा आधी थांबतो. कुमार गंधर्वांनी आजारातून उठल्यावर श्वासाच्या बेताने गाणं नव्याने रचलं, हे आपण ऐकत आलो आहोत. दोन्ही संगीतांत साम्य काहीच नाही. पण शरीराने घातलेली अट कलेने कशी स्वीकारायची, हा प्रश्न तोच आहे.

'ब्लॅक रायडर' हे या टेपवरचं सर्वांत चांगलं गाणं. वाद्यं जवळजवळ नाहीतच. गिटारचे सुटे सूर आणि मध्ये मोठ्या जागा. गाणं थेट एका काळ्या घोडेस्वाराशी बोलतं. तो मृत्यू आहे की नुसता कुणी प्रतिस्पर्धी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. डिलन त्याच्याशी कधी अदबीने बोलतो, कधी दमात घेतो, कधी जरा लाडीगोडी लावतो. एका गाण्यात चार सूर बदलतात, आवाजाचे नव्हे, बोलण्याचे. एवढ्या मोठ्या जागेत हजारो माणसं इतक्या हळू गाण्यासाठी गप्प बसलीत हे कळतं. ती शांतता ऐकायला मिळावी म्हणूनच मी प्रेक्षकांतली टेप शोधतो. मिक्सरमधून थेट घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये प्रेक्षक असून नसल्यासारखे असतात.

'माय ओन व्हर्जन ऑफ यू'मध्ये निवेदक मेलेल्यांचे अवयव गोळा करून आपल्याला हवा तसा माणूस बनवायला निघतो. फ्रँकेन्स्टाइनची कथा, पण सांगणारा गालातल्या गालात हसतोय. इथे डिलन कीर्तनकारासारखा वाटतो. आख्यान लावून धरायचं, मध्येच आवाज खाली आणायचा, आणि ऐकणारा पुढे वाकला की जरा दचकवायचं. 'आय विल बी युअर बेबी टुनाइट' संथपणे सुरू होऊन मध्येच धावत सुटतं आणि बँडला मोकळं रान मिळतं. टोनी गार्नियर १९८९ पासून त्याच्यामागे बेस वाजवतोय. डिलन कधी कुठे वळेल हे त्याला आधी कळतं आणि बाकीचे गार्नियरकडे बघून वळत असावेत असा माझा संशय आहे.

सगळंच चांगलं नाही. 'की वेस्ट' हे अल्बमवरचं साडेनऊ मिनिटांचं अप्रतिम गाणं. पण दौऱ्यात त्याने त्याची चाल सारखी बदलली, आणि इथली बांधणी मला पटत नाही. मूळ गाण्यात समुद्राची भरती-ओहोटी होती, इथे नुसती ओहोटी आहे. त्याचं पियानोवादन हाही वादाचा विषय. दोनतीन सुरांचा एक तुकडा पकडून तो गाणंभर त्याच्याशी झटत बसतो, कधी गिटारवाल्यांच्या आड येतो. पॅलेडियमसारख्या छोट्या जागेत ते खपून जातं, इथे खटकतं. 'दॅट ओल्ड ब्लॅक मॅजिक' हे १९४२ चं गाणं तो मजेने आणि द्रुत लयीत म्हणतो, पण या पातेल्यात ड्रम त्याला गिळून टाकतात.

दहाव्या गाण्यापाशी मात्र थांबा. ते आहे 'टु बी अलोन विथ यू', १९६९ च्या 'नॅशव्हिल स्कायलाइन'मधलं. शब्द बरेच बदललेले, चाल खेळकर. हे गाणं आपण जेरी ली लुईससाठी लिहिलं होतं असं डिलनने त्याच वर्षी एका मुलाखतीत सांगितलं होतं. ते गेलं वर्षभर या क्रमात होतंच, त्या रात्रीसाठी घातलेलं नव्हतं. डिलन ते गातो, काही न बोलता पुढच्या गाण्याकडे वळतो. सबंध कार्यक्रमात आभार आणि वादकांची नावं यापलीकडे तो बोलतच नाही. पण तुम्हाला शेवट माहीत असतो, त्यामुळे ही चार मिनिटं वेगळी ऐकू येतात. तुकडा पाठवणाऱ्यांनी तुमच्यापासून हिरावून घेतलेली ही पहिली गोष्ट.

दुसरी म्हणजे बाकीच्या सगळ्या गाण्यांचं वजन. 'क्रॉसिंग द रुबिकॉन'मध्ये परत न येण्याची नदी ओलांडली जाते. 'मदर ऑफ म्यूझेस'मध्ये तो वाग्देवतांच्या आईला आळवतो. 'गुडबाय जिमी रीड' हा तर एका दिवंगत ब्लूज गायकाचा निरोपच, फक्त नाचत घेतलेला. पावणेदोन तास हा माणूस मरण, निरोप आणि पूर्वज यांच्याबद्दलच गातोय, लिहून ठेवलेल्या, तालीम केलेल्या, शेकडो रात्री घासलेल्या शब्दांत. आणि शेवटी एक असा निरोप येतो ज्याची तालीम झालेली नाही.

तिथे जाण्याआधी एक प्रश्न निकालात काढायला हवा. डिलनने नको म्हटलेलं असताना हे ऐकावं का?

केसरबाई केरकरांची आठवण इथे होणं अपरिहार्य आहे. त्यांनी ध्वनिमुद्रिका दिल्या, पण रेडिओ आणि यंत्रं यांच्याबद्दल त्यांच्या मनात अढी कायम राहिली. आपलं गाणं समोर बसलेल्यांसाठी आहे, ही त्यांची भूमिका. आणि १९७७ मध्ये, ज्या वर्षी त्या गेल्या त्याच वर्षी, त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवरून अवकाशात निघून गेली. गाणं गाणाऱ्याच्या हातात राहत नाही याचं याहून लांबचं उदाहरण नसेल. तरी म्हणून कुणीही उठून काहीही करावं असं मी म्हणणार नाही. नकाराला अर्थ असतो. म्हातारपणी एखादी रात्र वाईट जाते, शब्द विसरतात, आवाज फाटतो. ती रात्र कायमची जगाच्या हातात पडावी असं कुणाला वाटेल?

माझ्यापुरती मी काही पथ्यं ठरवली आहेत. अशा टेपसाठी पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. टेपर लोकांचा आपसातला जुना नियमही हाच आहे. एका टेपवरून गायकाच्या आवाजाचा निवाडा करायचा नाही. आणि ऐकायची तर अख्खी रात्र ऐकायची. फोनवरच्या बंदीचा राग खरं म्हणजे तुकड्यांवर आहे: वर धरलेला पडदा, कापलेली दोन मिनिटं, बाहेरच्या लोकांना आपण तिथे होतो हे दाखवायची घाई. पावणेदोन तास श्वास रोखून, टाळी न वाजवता, मान न हलवता बसून राहणारा टेपर हा बंदीचं अक्षर मोडतो. पण त्याच्याइतकं एकाग्र होऊन त्या सभागृहात दुसरं कोण ऐकत असेल? आपण परदेशस्थ लोक तर घरची लग्नं, बारशी आणि अंत्यविधीसुद्धा तुकड्यांतच पाहतो. तुकडा पाहिला म्हणजे हजेरी लागली असं मानायची आपल्याला एव्हाना सवय झाली आहे. ती सवय कलेच्या बाबतीत तरी मोडावी असं मला वाटतं.

तर शेवट. 'एव्हरी ग्रेन ऑफ सँड' संपतं. या दौऱ्यात ते शेवटचं, त्यानंतर पुन्हा येऊन गायचा प्रघात नाही. टाळ्यांचा लोंढा येतो. एरवी इथेच दिवे लागतात. पण डिलन परत माइकवर येतो. तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे मला ठाऊक नाही, पण जेरी ली गेला, असं काहीसं सांगतो. त्याचंच एक गाणं म्हणणार, आणि तो कायमचा राहणार हे आपल्याला माहीतच आहे, इतकंच.

आता त्या जागेची कल्पना करा. दोनच दिवस आधी अमेरिकेतल्या एका संकेतस्थळाने जेरी ली गेल्याची बातमी चुकून दिली होती आणि मागे घेतली होती. खरी बातमी आली ती कार्यक्रमाच्या दिवशी. आत आलेल्या प्रत्येकाचा फोन कुलपात. खरं का खोटं, कुणालाच तपासता येणार नव्हतं. २०२२ साली, एका भल्यामोठ्या सभागृहात, मृत्यूची बातमी एका म्हाताऱ्या गायकाने तोंडाने सांगितली आणि पुष्कळांना ती तशीच, तिथेच पहिल्यांदा कळली. फोनवर बंदी नसती तर हा क्षण असा घडलाच नसता, आणि बंदी कुणी मोडली नसती तर आपल्याला तो ऐकायला मिळाला नसता. हा गुंता मला सोडवता येत नाही आणि सोडवावासा वाटतही नाही.

गाणं आहे 'आय कान्ट सीम टु से गुडबाय', डॉन रॉबर्टसनचं, जेरी लीने गायलेलं. निरोप घेणं काही जमेना, असा साधा अर्थ. जेरी ली म्हटलं की आपल्याला आगीसारखा पियानो आठवतो, लाथेने उडवलेलं स्टूल आठवतं. याच इंग्लंडमध्ये १९५८ च्या मे महिन्यात त्याचं तेरा वर्षांच्या नात्यातल्या मुलीशी लग्न झाल्याचं उघड झालं आणि तीन कार्यक्रमांनंतर दौरा गुंडाळावा लागला. ते विसरू नये आणि डिलनही त्याला संत करत नाही. तो फक्त गाणं निवडतो, आणि धिंगाण्याचं न निवडता कंट्री वळणाचं, संथ, जरा रडकं म्हणावं असं निवडतो. जेरी लीचं वाद्य पियानो, डिलनसमोरही पियानोच. पण त्या रात्री ज्या बोटांचा मला वारंवार राग आला ती इथे जेरी लीची एकही नक्कल करत नाहीत. साथीपुरते सूर धरून ठेवतात. बँड सावध आहे. रोजच्या गाण्यांत जी सफाई असते ती इथे नाही, वादक त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवून चाललेत हे जाणवतं.

आणि गळा? आधीच्या सतरा गाण्यांत तो शब्दांशी खेळत होता, समेच्या अलीकडे, समेच्या पलीकडे. इथे खेळ बंद. शब्द चालीवर जसे पडायला हवेत तसे पडतात, सरळ. एखाद्या विद्यार्थ्याने गुरुजींसमोर म्हणावं तसं. हा फरक तुकड्यात कळणं शक्यच नाही. तुकडा ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा बरा गातोय की. अख्खी रात्र ऐकणाऱ्याला कळतं की या माणसाने त्या रात्री पहिल्यांदाच स्वतःचं गाणं बाजूला ठेवलं आहे.

हेडफोन लावून ऐका, एका बैठकीत, मधे न थांबवता. 'की वेस्ट'लाही पुढे ढकलू नका. कंटाळा आला तर येऊ दे. त्या सभागृहातही काही जणांना आला असेल. शेवटच्या गाण्यानंतर पुन्हा टाळ्या येतात, आणि मग काही नाही. बाहेर हजारो पिशव्यांची कुलपं उघडायची रांग लागलेली असणार.